पातळीसोबत वेळही छापा : एका पेपरवाल्याचं खुलं पत्र

सर्व दैनिकांच्या कोल्हापूर आवृत्तीचे संपादक, बातमीदार आणि रात्रपाळीला पानं लावणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पेपरवाला. गंगावेशीत दूध कट्ट्याजवळ माझी फळी आहे आणि गंगावेस, शुक्रवार पेठ, उत्तरेश्वर अशी माझी लाईन. तुमची-माझी ओळख नाही, पण तुमचा शब्दन् शब्द मी रोज उचलून नेतो, तोही वजनासकट. दिवाळीच्या आठवड्यात पुरवण्यांच्या ओझ्यानं सायकलचा मागचा टायर बसतो, तेव्हा तुमची फार आठवण येते.

पत्र आत्ताच लिहितोय, कारण त्यात पुराच्या पाण्याच्या पातळीचा विषय आहे आणि पावसाला अजून अवकाश आहे. जुलैत तुम्हाला वेळ नसतो आणि मला कोरडी जागा नसते.

फळीवर पेपर विकत घेणारे कमी, वाचणारे जास्त. कट्ट्यावर समोर धार काढून घेतलेल्या दुधाचा पेला एका हातात आणि पेपर दुसऱ्या हातात, अशी मंडळी रोजची. त्यांच्यासाठी मी एक अंक वेगळाच ठेवतो. दहा वाजेपर्यंत त्याच्यावर फेसाचे डाग पडलेले असतात, मग तो विकायच्या कामाचा राहत नाही. कोरोनात ज्यांनी पेपर बंद केला, त्यातल्या बऱ्याच जणांनी तो पुन्हा सुरू केलाच नाही. ते आता फळीवर येऊन वाचतात. त्यामुळं कुठल्या पानावर माणसाचा डोळा किती टिकतो हे मला इथं बसल्या बसल्या कळतं. तालमीतला पैलवान मागच्या पानापासून सुरू करतो, कुस्तीचा निकाल बघतो आणि घडी न घालता पेपर टाकून जातो. रिटायर मास्तर अग्रलेख वाचतात आणि डुलक्या घेतात. पहिल्या पानावरचं मोठं हेडिंग सगळेच वाचतात, पण चहाला साखर किती घालायची हे सांगताना वाचतात.

डोळा थांबतो तो लहान चौकटींवर. माझं म्हणणं त्या चौकटींबद्दल आहे.

पावसाळ्यात पेपर हातात पडला की बोट सरळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर जातं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आमच्या भागात हे दोन आकडे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शुक्रवार पेठेत माझ्या लाईनीत एक आजी आहेत. एकट्या राहतात. बोलतात अस्सल कोल्हापुरी बायकांसारखं, ‘मी येतो’, ‘मी वाचतो की’. बाहेरगावचं माणूस ऐकून आधी दचकतं. तर या आजींनी फुटांचं आपल्या घरापुरतं गणित बसवलंय. मला त्यांनी ते दारात उभं करून सांगितलंय.

“एकोणचाळीस झालं की खालची भांडी माळ्यावर. एक्केचाळीस झालं की गॅसची टाकी वर. बेचाळीस झालं की मी जातो लेकीकडं, राजारामपुरीला. त्रेचाळीसची वाट बघत बसायची न्हाई.”

एका पावसाळ्यात त्यांनी मला असंच अडवलं. पेपरात पातळी ४१ फूट छापली होती. आजींनी बोट ठेवलं आणि विचारलं, “हे एक्केचाळीस कवाचं?”

मी वाचलं. ‘रात्री उशिरा’ असं होतं.

“रात्री उशिरा म्हंजे नऊ का बारा?”

मी काय सांगणार? पाणी तासाला तीन इंच चढतंय असं धरलं, तरी सहा तासांत दीड फूट होतं. दीड फूट म्हणजे आजींच्या हिशेबात गॅसच्या टाकीपासून लेकीच्या घरापर्यंतच्या अंतराहूनही जास्त. त्या दिवशी त्यांनी टाकी उचलायचा विचारच सोडला, पिशवी भरली आणि मला म्हणाल्या, चौकातनं रिक्षा धाडून दे. मी पाठवली. त्यांचं बरोबर ठरलं का चुकलं हा मुद्दा नाही. त्या आकड्यावर एक म्हातारं माणूस घर सोडायचं का नाही हे ठरवतं, आणि तुम्ही त्याच्यापुढं वेळ लिहीत नाही. जिल्हा प्रशासनाचा पातळीचा संदेश मोबाईलवर फिरतो, त्यात वेळ असते. तुमच्या पानावर येईपर्यंत ती कुठंतरी गळते. जागा किती लागते हो? ‘रात्री ११’ एवढंच. चार-पाच अक्षरं.

राधानगरी धरणाच्या दरवाज्यांचंही तसंच. धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे ते सात दरवाजे आमच्या लोकांना घरातल्या माणसांसारखे माहीत आहेत. “सहा नंबर उघडला व्हय?” “तीन पण उघडला म्हंत्यात.” एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक. दोन उघडले की २८५६, हा गुणाकार कट्ट्यावरचा दूधवालासुद्धा बोटावर न मोजता सांगतो. त्याला कळायला पाहिजे असतं ते एवढंच की दरवाजा किती वाजता उघडला, कारण तिथून पुढं पाणी इथं पोचायचे तास तो मोजतो. तुमचं हेडिंग असतं ‘राधानगरीचे दोन दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा’. खाली फोटो असतो, पांढऱ्या फेसाचा. फोटो झकास असतो, त्याबद्दल वाद नाही.

व्हॉट्सअॅपवर सगळं आधी येतं मग पेपर कशाला, असं मला दिवसाला दोघं तरी ऐकवतात. व्हॉट्सअॅपवर दर पावसाळ्यात एकदा तरी धरण फुटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचं बेट झालं. पेट्रोल मिळेना, भाजी मिळेना. तेव्हा हातातल्या मोबाईलवर दहा बातम्या वाचलेली माणसं गुडघाभर पाण्यातनं माझ्यापर्यंत यायची आणि विचारायची, “छापून आलंय का?” २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्या पुढं गेलं तेव्हाही तेच. छापून आलंय म्हणजे कुणीतरी विचारून, बघून लिहिलंय, असं लोक अजून धरून चालतात. हे भांडवल तुमचं आहे. माझ्या फळीचं भाडंही त्याच्यावरच निघतं, म्हणून मी त्याच्याबद्दल जरा हळवा आहे.

आता दुसरी चौकट. निधनाची.

आपल्याकडं माणूस गेल्याचं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला, रक्षाविसर्जन कधी? पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, लोक होळी लहान करून दहनासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, दान करतात. मयताला जाणं हे या गावानं फार मनावर घेतलेलं काम आहे. अंत्ययात्रेला पोचता आलं नाही तर माणूस रक्षाविसर्जनाला येतोच, आणि वेळ पेपरात बघून येतो. नोकरीवरचा माणूस तासाभराची सवलत घेऊन येतो. खेड्यातला माणूस पहिली एसटी धरून येतो.

माझे वडील गूळ बाजारात हमाल होते. चाळीस वर्षं त्यांनी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवरनं वाहिले. ते गेले त्याला आता बारा वर्षं झाली. रक्षाविसर्जन सकाळी आठला ठरलं होतं. बातमी द्यायला चुलतभाऊ गेला. दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणं मी पहाटे उठलो; घरचे म्हणाले आज राहू दे, पण लाईन कुणाच्या हातात देणार? साडेचारला ट्यूबलाईटखाली गठ्ठा सोडला. आतलं पान उघडलं. वडिलांचा फोटो बरा आला होता, नाव बरोबर होतं, वय बरोबर होतं. आणि खाली ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी ९ वाजता’.

पेपर कुठला ते मी सांगणार नाही. त्यांचा अंक मी अजून टाकतो. चूक चुलतभावाची का लिहून घेणाऱ्याची, तेही मी कधी शोधलं नाही.

खिशात वहीचं पेन होतं. मी फरशीवर बसलो आणि एकेक अंक उघडून ९ खोडून वर ८ लिहायला लागलो. न्यूजप्रिंटवर बॉलपेन नीट उमटत नाही, दोनदा-तीनदा गिरवावं लागतं, कागद फाटतो. साठेक अंक झाले आणि उजाडायला लागलं. बाकीचे तसेच टाकले. वडिलांची चुकीची वेळ मी माझ्या हातानं शंभर घरांत टाकून आलो. आणि माझी लाईन म्हणजे गावातली केवढीशी.

दुसऱ्या दिवशी आठला आम्ही सगळं उरकलं. नऊला दहा कमी असताना घाटाच्या पायऱ्या चढून परत येत होतो, तर वरनं वडणग्याचे एक गुऱ्हाळवाले उतरत होते. वडिलांशी त्यांची तीस वर्षांची देवघेव. धुतलेलं धोतर, हातात कागदात गुंडाळलेली फुलं. आम्हाला ओल्या अंगानं येताना बघून ते तिथंच थांबले.

“झालं?”

मी म्हटलं, “झालं काका. पेपरात वेळ चुकली.”

“असू दे, असू दे,” म्हणाले, आणि तसेच खाली उतरून गेले. आम्ही वर उभे राहिलो. त्यांनी फुलं पाण्यात सोडली, बराच वेळ उभे राहिले. मग येऊन मलाच समजावायला लागले. त्यांच्यामागनं आणखी दहा-बारा माणसं आली. प्रत्येकाला मी तेच वाक्य सांगितलं.

त्या दिवशी पहिल्या पानावर काय होतं, मला आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसणार.

मोठ्या बातमीत चूक झाली तर खुलासा येतो, पुढारी फोन करतो, तुमच्याकडं धावपळ होते. चार ओळींच्या बातमीत चूक झाली तर कोण फोन करणार? ज्यांच्या घरचं माणूस गेलंय ते? म्हणून विनंती अशी, की निधनाची बातमी लिहून घेतली की वेळ एकदा उलट वाचून दाखवा. “सकाळी आठ, बरोबर?” एवढंच. किराणा दुकानदारसुद्धा यादी उलट वाचून दाखवतो.

मोठ्या बातम्यांशी माझं वाकडं आहे असं समजू नका. मोठ्या बातमीच्या दिवशी माझे चाळीस अंक जादा जातात, मी कशाला तक्रार करू? माझी तक्रार एवढीच की ती बातमी ज्या दारातनं आली त्या दारात तुम्ही परत जात नाही.

गेल्या वर्षीच्या जूनचं बघा. मिलानमध्ये प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये आपल्या पायताणासारखी पायताणं दिसली, आणि कोल्हापुरीचं नाव कुठंच नाही. काय गदारोळ झाला! आठवडाभर पहिलं पान. तेव्हा माझ्याकडं चपला करणारे एक गृहस्थ रद्दी न्यायला येत होते, आजही येतात. जोड गुंडाळायला त्यांना कागद लागतो. मी सहज त्यांच्याबरोबर घरी गेलो होतो. ते खाली बसून आरीनं चपलेचे कान शिवत होते, बायको वेणी घालत होती. तयार जोड त्यांनी कागदात गुंडाळला तेव्हा बघितलं, तर तो कागद मिलानच्याच बातमीचा होता. मी हसलो, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हेडिंग वाचलं आणि म्हणाले, “लाख रुपये म्हंत्यात. आमाला जोडामागं काय सुटतंय ते कुणी इचारलं न्हाई अजून.” आणि दोऱ्याची गाठ मारून जोड बाजूला ठेवला.

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत, हे तुम्ही त्या आठवड्यात छापलंत, छान केलंत. मग गेल्या डिसेंबरात प्राडाचा दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याची बातमी आली, इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घेणार म्हणून. ती आतल्या पानावर, मोजक्या ओळींत. भांडण पहिल्या पानावर आणि काम आतल्या पानावर! त्या गृहस्थांना मी ती बातमी कापून दिली. त्यांनी विचारलं, यात नाव कुठं द्यायचं? बातमीत ते नव्हतं. कारागीर बातमीत कारागीरच शोधतो, त्याला वाट पाहिजे असते.

वाटेवरनं आठवलं. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच. चाळीस वर्षं वकिलांनी आणि गावानं मागितलेली गोष्ट, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झाली. त्या दिवशी माझे अंक सातलाच संपले. विशेष पुरवणी, रोषणाईचे फोटो, पाहुण्यांचे सत्कार. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच महिन्यात एक दिवस सहाच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ फळीपाशी आले. वैभववाडीकडचे. रंकाळा स्टँडवर उतरून चालत आलेले, बगलेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. पेपर नको होता त्यांना.

“हायकोर्ट खंय आसा?”

मी रस्ता सांगितला. मग त्यांनी हळूच विचारलं, तोंड धुवायला जागा कुठं आहे, कोर्ट किती वाजता उघडतं, आत जायला काय दाखवावं लागतं. पूर्वी दोन रात्री गाडीत काढून मुंबईला जायचो, म्हणाले; तिथं निदान भाच्याची खोली होती. मी त्यांना दूध पाजलं, नळ दाखवला. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची माणसं आता या गावात असे कागद घेऊन उतरणार. रोजच्या पेपरात त्यांच्यासाठी एक चौकट असावी, असं तुमच्यातल्या कुणाला अजून सुचलं नाही याचं मला नवल वाटतं. पंचांग रोज छापता, ते चालतं. त्याच्या शेजारी बसेल की.

नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीचं मी थोडक्यातच लिहितो, कारण त्यावर बोलायला लागलं की आमच्याकडं अजून आवाज चढतात. २८ जुलै २०२५ ला ती मठातनं जामनगरला वनताराकडं निघाली, ३ ऑगस्टला नांदणीहून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत माणसं चालत आली. गर्दी बघून मीही फळी उघडी टाकून गेलो होतो. पेपर टाकणारा माझ्याकडचा सातवीतला पोरगा तेव्हापासून दर सोमवारी गठ्ठा मोजताना विचारतो, “माधुरी आली काय वो?” पहिलं पान, मग तिसरं पान, मग चौकट, मग ‘सुनावणी पुढे ढकलली’ अशी एक ओळ, बातमी बारीक होत गेली तशी मला ती शोधायला वेळ जास्त लागायला लागला. पोराचा प्रश्न मात्र तेवढाच राहिला.

केशवराव भोसले नाट्यगृहाचंही तसंच. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या सकाळी लोकांनी पेपर वाचताना माझ्या फळीवर डोळे पुसले आहेत. आता तिथं काय चाललंय याचा दर महिन्याला एक फोटो द्या हो, एकाच कोपऱ्यातनं काढलेला. बाजूला खासबाग मैदान आहे, कठड्यावर उभं राहून काढता येतो. मजकूर लिहायचीसुद्धा गरज नाही.

आणि जाहिरातींचं जॅकेट. महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर थेट यंदाच्या जानेवारीत झाली, त्यामुळं दहा वर्षांचा अनुशेष भरून काढल्यासारखी जॅकेटं आली. दोन पानं उलटल्याशिवाय पेपर सुरूच होईना. एका गिऱ्हाईकानं मला अंक परत दिला, “ह्यो पेपर न्हवं, पॉम्प्लेट दिलंयस.” तुमचंही पोट आहे, मला कळतं. माझी तक्रार नाही, नुसतं कानावर घातलं.

तर माझं मागणं तीन गोष्टींपुरतं. पातळीपुढं वेळ. रक्षाविसर्जनाची वेळ उलट वाचून. आणि आठवड्यातनं एकदा, कुठल्याही वारी, ‘पुढं काय झालं’ म्हणून एक चौकट, ज्यात जुन्या बातमीच्या दारात तुमचा माणूस परत जाऊन आलेला असेल. काही झालं नसेल तर ‘अजून काही नाही’ असं छापा. माझ्याकडच्या पोराला तेवढं चालेल.

तुम्ही ठरवेपर्यंत पावसाळा येईल. म्हणून मी एका शाळेनं मोडीत काढलेला फळा आणून ठेवलाय. जूनपासून रोज पहाटे पाचला प्रशासनाच्या संदेशातली पातळी आणि त्याच्यापुढं तिची वेळ खडूनं लिहून फळीवर टांगणार. आजींना काल सांगितलं. त्या म्हणाल्या, “अक्षर मोठं काढ. मी काय रोज चष्मा घालून येतो व्हय?”

आपला,
गंगावेशीतला एक पेपरवाला